हर्षा तळ्यापलीकडे राहते

फ्रीड्रिक्सहाफेन, जर्मनी
६ मे २०२५

नंदाबाई, नमस्कार.

परदेशी तिकिटाचं पाकीट बघून घाबरू नका. इकडे सगळे खुशाल आहेत. तुम्हाला नवल वाटेल की ही विहीण एकदम पत्र कशी काय लिहायला लागली. हर्षा-भुपेंद्रच्या लग्नाला पाच वर्षं झाली, पण आपलं बोलणं दिवाळीच्या फोनपलीकडे कधी गेलंच नाही. इथून फोन केला तर माझा मुलगा बाजूला कान देऊन उभा असतो, आणि तुमच्याकडे बकारामजी स्पीकर लावून ओसरीत बसतात, अर्धं चोरखमारा गाव ऐकते. मग दोन बायांनी बोलावं कसं? म्हणून हा कागद.

विमानात मी एक मिनिट झोपले नाही. आमच्या यांनी गोंदियाहून निघताना बजावून सांगितलं होतं, पासपोर्ट हातातून सोडू नको. तो मी असा धरून बसले होते की उतरल्यावर बोटं सरळ होईनात. हे मात्र आले नाहीत. भांड्यांचं दुकान तीन महिने नोकरांवर टाकायला त्यांचा जीव धजत नाही.

गाव छोटंसं आहे. नाव माझ्या जिभेवर बसत नाही, मी नुसतं फ्रीडरिक म्हणते. घराच्या खिडकीतून तळं दिसते. तळं म्हणजे तुमचा चोरखमाऱ्याचा तलाव कितीतरी वेळा आत मावेल एवढं. पलीकडच्या काठाला स्वित्झर्लंड, म्हणजे दुसरा देश. तासातासाला एक मोठी बोट इकडून तिकडे जाते, पोटात मोटारी घेऊन. सकाळचा चहा मी तीच बघत पिते.

भुपेंद्र आता पोळ्या स्वतः लाटतो. गोल नसतात, पण फुगतात. हर्षाची तब्येत छान आहे, कामात असते. शनिवारी तिने वरण-भात आणि तुमच्या हातचं आंब्याचं लोणचं वाढलं. तुमचा निरोप सांगितला, तिने ऐकून घेतला.

तुमचं धान निघालं का? तब्येत कशी आहे? वेळ मिळाला तर दोन ओळी लिहा. वेळ काढाच.

तुमची,
सुशिलाबाई


मु. चोरखमारा, ता. तिरोडा
२१ मे २०२५

सुशिलाबाई इहीनबाईले नंदाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. पोस्टमन म्हणे, बाई, एवढ्या वर्षांत या गावात परदेशातलं पत्र मी पहिल्यांदा आणून राहिलो. त्यानं सही मागितली नाही तरी मी त्याच्या वहीत करून दिली.

मी सातवी शिकली आहे, पण शाळा सुटल्यापासून कोणाले पत्र लिहिलं नाही. चुकलं तर समजून घेजा. मी बोलते तसंच लिहिते.

उन्हाळी धान कापून झालं, मळणीही झाली. आता पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, तयारी करून राहिलो. आमच्या घरी बियाणं मीच निवडते, माणसाले तेवढा दम नाही. यंदा ऊन फार आहे, शेळ्याही सावली सोडत नाहीत.

तुमच्या पत्रात भुपेंद्र जवायांच्या पोळ्यांवर दोन ओळी आहेत आणि हर्षाच्या तब्येतीवर एक. आता रागावू नका, मले हर्षाचं लिहा. ती जेवते का वेळेवर? वाळली तर नाही? थंडीत तिच्या टाचा फुटतात, तिले सांगा रात्री खोबरेल लावत जा म्हणून. ती कामावरून किती वाजता येते? घरी आल्यावर कशी राहते, हसते का? माझा निरोप तिनं ऐकून घेतला असं तुमी लिहिलं. ऐकून काय म्हणाली ते लिहिलं नाही. काहीच म्हणाली नसेल तर तसं लिहा, मले वाईट वाटणार नाही.

फोनवर ती तिच्या बाबासंगच जास्त बोलते. पोरी बापाच्याच असतात.

ते मोटारी नेणारं जहाज डुबत तर नाही ना? तुमी त्यात बसू नका. लिहिजा लवकर.

नंदाबाई


फ्रीड्रिक्सहाफेन
४ जून २०२५

नंदाबाई, नमस्कार.

तुमचं पत्र आज आलं आणि मी ते दोनदा वाचलं. एकेक प्रश्न असा विचारलात की उत्तर देता येऊ नये. पहिल्या पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं नव्हतं, पण पूर्ण खरंही लिहिलं नव्हतं. आता लिहिते. मन घट्ट करून वाचा.

हर्षा इथे राहत नाही.

मी आले तेव्हा ती विमानतळावर होती, तीन दिवस घरातही होती. मग म्हणाली, आई, मी कामाच्या गावी जाऊन येते. ती आली ते शनिवारी. रविवारी संध्याकाळी पुन्हा गेली. मला वाटलं, दौरा असेल. पण दर आठवड्याला कसला दौरा? मागच्या आठवड्यात वाळलेले कपडे ठेवायला तिचं कपाट उघडलं तर आत दोन कुर्ते आणि एक स्वेटर. एका बाईचं कपाट असं असते का? माझ्याकडे तर माहेरच्या सतरंज्यासुद्धा अजून आहेत.

भुपेंद्र चहा करत होता, तिथेच त्याला विचारलं. म्हणाला, ती जानेवारीपासून पलीकडे राहते, स्वित्झर्लंडमध्ये. तिथे बियाणं तपासायच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली, आणि तिच्या परवान्यात तिथेच राहायची अट आहे. मी विचारलं, भांडण झालं का? तो नाही म्हणाला, पण पातेल्यात बघून म्हणाला. आई आहे मी त्याची. आमच्याकडे हे का नाही सांगितलं विचारलं तर म्हणे, बाबा काय म्हणतील ते तुला माहीत आहे.

पाच महिने झाले, नंदाबाई. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात, आणि आपल्याला पत्ता नाही. तुम्हाला हे माझ्याकडून कळावं याचं मला फार वाईट वाटते. तुम्ही तिकडे तिच्या टाचांची काळजी करत बसला आहात.

या शनिवारी तिला काम आहे म्हणून ती येणार नाही. मग मीच जाणार. रविवारी भुपेंद्र गाडी बोटीत घालून मला घेऊन जातो आहे. मी आणलेल्या तिन्ही मोठ्या बॅगा रिकाम्या करून डिक्कीत ठेवल्या आहेत. तिचं सामान भरायचं आणि तिला घरी आणायचं. नोकरी काय, इकडेही मिळेल. भुपेंद्रला मी बॅगांचं कारण सांगितलेलं नाही.

तुम्ही आई आहात, तुमचं ती ऐकेल. तिला समजावून लिहा. बकारामजींना मात्र इतक्यात सांगू नका, त्यांना बीपी आहे.

सुशिलाबाई


रोमान्सहोर्न, स्वित्झर्लंड
१० जून २०२५

नंदाबाई,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण मी फार रागात आहे. पण क्रमाने सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

रविवारी सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, प्रत्येक रांगेला नंबर. सायकलवालेही रांगेत. कोणी मध्ये घुसत नव्हतं, हे बघूनच मला चुकल्यासारखं झालं. मग बोटीचं तोंड उघडलं आणि गाड्या एकामागून एक आत गेल्या. लोखंडी फळीवर आमचं चाक चढलं तेव्हा मी डोळे मिटले होते. आत एका माणसाने हाताने खूण करत गाडी पुढच्या गाडीला इतकी चिकटवून उभी करवली की मला दार अर्धंच उघडता आलं. पोट आत घेऊन बाहेर पडले. माझ्यासारख्या बाईने पोट आत घेणं म्हणजे काय, तुम्ही मला पाहिलं आहे.

मग जिना चढून वर. वर हॉटेल आहे, बाकं आहेत, वारा आहे. माझं माहेर वैनगंगेच्या काठचं. लहानपणी आम्ही डोंग्यात सायकल टाकून पलीकडे बालाघाटात मामाकडे जायचो, तेव्हा पाय पाण्यात असायचे. इथे खुर्चीत बसून कॉफी. मी एका हाताने कप धरला होता आणि दुसऱ्या हाताने पासपोर्ट.

मी भुपेंद्रला म्हटलं, सीमा आली की सांग. देवरीच्या पुढे छत्तीसगढ लागते तेव्हा पाटी तरी असते. तो हसायला लागला. म्हणाला, आई, या तळ्यात सीमा कुठून जाते ते या देशांनी आजवर ठरवलेलंच नाही. काठावर ठरलं आहे, मध्ये नाही. मला वाटलं, थट्टा करतो. खरंच तसं आहे म्हणे. आमच्याकडे दोन भावांनी एवढी जागा न मोजता सोडली असती का, सांगा.

चाळीस मिनिटांत पलीकडे पोचलो. पासपोर्ट कोणी बघितलाच नाही, एकाच व्हिसात दोन्ही देश आहेत. पण बाहेर पडताना एका कस्टमवाल्याने हात केला. डिक्की उघडायला लावली. पाच किलो चिन्नोर तांदूळ होता, लोणच्याची बरणी होती, त्यावर काही बोलला नाही. मग बॅगा उघडल्या. तिन्ही रिकाम्या. त्याचा चेहराच बदलला. रिकाम्या बॅगा घेऊन आमच्या देशात कशाला आलात, असं त्याने भुपेंद्रला विचारलं. भुपेंद्रने माझ्याकडे बघितलं. मला खोटं सुचेना. मी म्हटलं, सांग त्याला, सुनेला घरी न्यायला आले आहे.

भुपेंद्रने ते त्याला सांगितलं नाही. जर्मनमध्ये दुसरंच काहीतरी म्हणाला आणि त्या माणसाने आम्हाला सोडलं. पण पुढे रस्त्यावर गाडी थांबवून त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, “आई, तिला मीच पाठवलं आहे. ती दोन वर्षं घरी बसून होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.”

एवढंच. मग त्याने गाडी सुरू केली.

हर्षाची खोली एका बेकरीच्या वर आहे. तिला त्या दिवशीही अर्धा तास लॅबमध्ये जायचं होतं, आम्हाला घेऊन गेली. ओल्या कागदावर शंभर शंभर दाणे मांडलेले होते, त्यातले किती उगवले ते ती मोजत होती आणि वहीत लिहीत होती. तिथली दोन माणसं तिला विचारून विचारून काम करत होती. मी म्हटलं, हे तुला अकोल्याच्या कृषी कॉलेजात शिकवलं? म्हणाली, नाही, माझी आई घरी ओल्या पोत्यात करते ना, तिथेच शिकले.

नंदाबाई, माझी सून अशी काम करताना मी कधी बघितलीच नव्हती. गोंदियाला आली की ती स्वयंपाकघरात भिंतीला लागून उभी राहायची. मला वाटायचं, स्वभावच तसा आहे.

आणि भांडण वगैरे काही नाही. दर बुधवारी संध्याकाळी तो बोटीने या काठाला येतो, ती डबा घेऊन त्याच बोटीत चढते, आणि त्या काठापर्यंत दोघं मिळून जेवतात. तो उतरतो, ती परत येते. बोटीवरचे वेटर त्यांना ओळखतात.

आता रागाचं सांगते. जेवताना मी हर्षाला म्हटलं, आता तुझ्या आईला कसं सांगायचं बाई, मी तर तिला पत्र टाकून बसले. ती ताटात बघत म्हणाली, “आईला माहीत आहे. जानेवारीपासून. म्हणून तर ती माझ्याशी बोलत नाही.”

तुम्हाला माहीत होतं. मी इकडे महिनाभर शब्द चाचपून पत्र लिहिते, तुमचं मन दुखेल म्हणून रडते, आणि तुम्ही मला विचारता की ती कामावरून घरी किती वाजता येते. हे बरं केलं नाही तुम्ही. विहीण असलात म्हणून काय झालं.

भुपेंद्र रविवारी संध्याकाळी रिकाम्या बॅगा घेऊन एकटाच परत गेला. मी इथे राहिले आहे. बेकरीच्या वासाने पहाटेच भूक लागते.

सुशिलाबाई


मु. चोरखमारा
१८ जून २०२५

इहीनबाई,

तुमचं चार तारखेचं पत्र आज दुपारी आलं. धानाच्या बांधीत पऱ्हे टाकून घरी आली होती, हात धुऊन लगेच वाचलं. आता काही न लपवता सगळं सांगते. तुमी मन घट्ट करून वाचा म्हणता आणि माझं मन तर जानेवारीपासून दगडावाणी झालं आहे.

हर्षा तिथं राहत नाही हे मले माहीत आहे. संक्रांतीच्या दोन दिवस आधी तिचा मले फोन आला होता. फार खुशीत होती. म्हणे, आई, मले नोकरी लागली, बियाण्याची, तू करते तेच काम. मी विचारलं, कुठं? तिनं सांगितलं. मग विचारलं, राहशील कुठं? तेही सांगितलं. तवा मी म्हणलं, “नवऱ्याले सोडून पाण्यापलीकडं राहाले मी तुले शिकवलं नव्हतं. असं करशील तर मले फोन नको करू.”

तिनं नाही केला. माझीच पोर आहे. आता फोन आला आणि मी उचलला तर म्हणते, बाबाले दे. मी देते. मग दाराच्या मागं उभी राहून ऐकते. बाबाले काही माहीत नाही, त्याइले वाटते मायलेकी आधी बोलून घेतात.

तुमी जर्मनीले जाणार म्हणलं तवा मले दोन दिवस जेवण गेलं नाही. वाटलं, आता उघडं पडते. मग तुमचं पत्र आलं, त्यात काहीच नाही. मी म्हणलं, पोरीनं सासूसमोर लपवून ठेवलं वाटते, आपणही गप राहू. पण तिच्याबद्दल विचारल्याशिवाय राहवलं नाही. तुमच्याशिवाय विचारू कोणाले?

आता ते सांगते जे तुमाले आवडणार नाही. मी असं काऊन बोलली तिले? मले तिच्या नोकरीचा राग नव्हता. मले तुमचं भेव होतं. लग्नात पोरीची पाठवणी करताना तुमी तुमच्या बहिणीले म्हणल्या, “शेतातली पोर आहे, घरात टिकते का पाहू.” मी मागंच उभी होती, हातात पोरीची पेटी होती. पाच वर्षं झाली, ते मले जसंच्या तसं ऐकू येते. तिचा फोन आला तवा मले पहिल्यांदा तेच आठवलं. म्हणलं, आता इहीनबाई म्हणतील, पाहा, नाही टिकली. तुमच्या तोंडातून ते ऐकाले नको म्हणून मी पोरीचं तोंड बंद केलं.

तुमी तिले बॅगा घेऊन आणाले गेल्या असाल. आता काय झालं असेल ते झालं. तुमी तिले रागावल्या असाल तर त्यात माझाही वाटा आहे, मीच सुरू केलं. पण तिले एवढं सांगा का तिच्या आईनं चुकीचं म्हणलं. मी नाही लिहू शकत तिले. तीनदा कागद घेतला, ‘प्रिय हर्षा’ लिहिल्यावर पुढं येतच नाही.

तुमाले राग आला असेल तर या पत्राचं उत्तर नका देऊ.

नंदाबाई


फ्रीड्रिक्सहाफेन
६ जुलै २०२५

नंदाबाई,

तुमचं पत्र बुधवारी भुपेंद्रने बोटीवरून आणून दिलं. पाकिटावरची तारीख मी दोनदा बघितली. माझं रागाचं पत्र तुमच्या हातात पडायच्या आधीच तुम्ही हे सगळं लिहून टाकलं होतं. आता ते रागाचं पत्र तुम्ही वाचलं असेल, आणि मला ते पोस्टातून परत ओढून आणता येत नाही.

ते लग्नातलं वाक्य मला आठवत नव्हतं. अजूनही नीट आठवत नाही. पण मीच म्हटलं असेल, कारण मी अशीच बोलते. माझी बहीण हसली असेल आणि मी विसरून गेले असेन. तुम्ही पाच वर्षं ते घेऊन बसलात, आणि त्यापायी तुमच्या लेकीचं सहा महिने आईशी धड बोलणं झालं नाही. मी तुमची माफी मागते. हे फोनवर म्हटलं असतं तर तुम्ही ‘जाऊ द्या’ म्हणून दुसरा विषय काढला असता. कागदावर आहे, राहू द्या.

तुमचं पत्र हर्षाला कधी द्यायचं ते मला कळत नव्हतं. दोन दिवस उशीखाली ठेवलं. काल शनिवारी आम्ही दोघी या काठाला यायला निघालो. शुक्रवारी भुपेंद्र गाडी तिकडे ठेवून गेला होता, म्हणून हर्षा चालवत होती. रांगेत आमचा नंबर पहिला. मला वाटलं, वा, आज तर सगळ्यांच्या पुढे. बोट निघाल्यावर वर गेलो, आणि मी तिच्या हातात पत्र दिलं. म्हटलं, हे मला आलेलं आहे, पण तुझंच आहे.

तिने उभ्यानेच वाचलं. मग बाकावर बसून पुन्हा वाचलं. मग कठड्याजवळ जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी गेले नाही तिच्याजवळ. सासूला तिथे काय काम? मी आपली पर्स सांभाळत बसले.

बोट धक्क्याला लागली, भोंगा झाला, लोक खाली गेले. ती जागची हलेना. आणि आमची गाडी सगळ्यांच्या पुढे. मागे चाळीस-पन्नास गाड्या अडकल्या. या देशात कोणी हॉर्न वाजवत नाही असं मी सगळ्यांना सांगत होते, ते काल खोटं ठरलं. शेवटी केशरी जाकीटवाला एक माणूस धापा टाकत वर आला. तो काय बोलला ते मला कळलं नाही, पण गोंदियाच्या भाजीबाजारातही तसंच बोलतात. आम्ही दोघी जिन्यावरून पळालो. मी साठीची बाई, साडी वर धरून पळाले. हर्षा रडत होती आणि मला बघून हसतही होती.

बाहेर पडल्यावर तिच्याने पुढे गाडी चालवेना. तिने बाजूला लावली, तर ती नेमकी कस्टमच्या जागेत. साहेब आलेच. तिने काच खाली करून त्याला सांगितलं, दोन मिनिटं द्या, आईचं पत्र आलं आहे. त्याने कागद मागितला. उलटसुलट करून आपली अक्षरं बघितली, परत दिला, आणि आम्ही निघेपर्यंत दुसऱ्या गाड्यांना हाताने बाजूने जायला सांगत उभा राहिला.

घरी येऊन तिने तोंड धुतलं. म्हणाली, “आई, फोनवर मला बोलता येणार नाही. मी लिहीन.” रात्री उशिरापर्यंत लिहीत होती. मी विचारलं नाही काय लिहिते. सकाळी तिकीट लावून तिनेच टाकलं. तुम्हाला दोन आठवड्यांत मिळेल.

आणखी एक काम मी आज केलं. आमच्या यांना फोन लावला आणि सरळ सांगितलं, सून तळ्यापलीकडे राहते, नोकरी करते, मी तिथे राहून आले आहे आणि मला ते पसंत आहे.   मग म्हणाले, भुपेंद्र जेवतो काय तिथे? मी म्हटलं, पोळ्या लाटतो. त्यावर म्हणाले, बरं आहे, दुकानात गिऱ्हाईक आलं आहे. संपलं. सहा महिने ज्या भुताला मुलगा घाबरत होता ते एवढंच निघालं.

मी पंचवीस तारखेला निघते. आता उत्तर गोंदियाच्या पत्त्यावर टाका. आणि मला इहीनबाई म्हणणं बंद करा. गोंदियात समधन म्हणतात, मला ते जास्त आवडते, त्यात मान कमी आणि जवळीक जास्त आहे.

तुमची समधन,
सुशिला


मु. चोरखमारा
२४ जुलै २०२५

समधनबाई,

‘बाई’ लावल्याशिवाय मले लिहिता येत नाही, ते चालवून घ्या. तुमी गोंदियाले पोचाल तवा हे पत्र तिथं असेल.

तुमचं रागाचं पत्र जूनमध्येच मिळालं होतं. वाचून मी रडली नाही. कितीतरी दिवसांनी कोणी मले सरळ बोललं, बरं वाटलं. खरं सांगते.

हर्षाचं पत्र सोमवारी आलं. धानाची रोवणी चालू आहे, सोळा बायका बांधीत होत्या, मीही होती. पोस्टमन शेताच्या धुऱ्यावरूनच ओरडला, बाई, परदेश. माझे हात कोपरापर्यंत चिखलात. मी त्याले म्हणलं, तिथंच थांब, खाली ठेवू नको. पाटात हात धुतले, पदराले पुसले, तवा घेतलं. आठ पानं आहेत. पत्रात काय आहे ते तुमाले सांगत नाही, ते माझं आहे. एवढंच सांगते का सहाव्या पानावर तिनं उगवणीचं विचारलं आहे. तिकडं मशीन आहे, तरी तिचा आणि माझा आकडा जुळतो का पाहू म्हणते. मी तिले कळवलं, शंभरात ब्याण्णव. आता तिचा येऊ दे.

बायकांनी विचारलं, काय लिहिते पोर? मी म्हणलं, ये म्हणते. त्या म्हणे, मग जा ना. अशा बोलल्या का जशी मी इथंच बाजूच्या सडक अर्जुनीले जाऊन राहिली.

रात्री हर्षाच्या बाबाले मी सगळं सांगितलं. बीपीची गोळी आधी दिली, मग सांगितलं. ते म्हणाले, मले वाटलंच होतं, तू फोन माझ्या हातात देताना चेहरा वेगळा करते. तीस वर्षं झाली लग्नाले, हा माणूस काहीच पाहत नाही असं मी समजत होती. दुसऱ्या दिवशी रोवणी सोडून त्यांनी मले मोटारसायकलवर गोंदियाले नेलं आणि पासपोर्टचा फॉर्म भरला. फोटोवाला म्हणे, बाई, हसू नका, पासपोर्टात हसत नाहीत. चार वेळा काढावा लागला.

धान निघालं का जाईन म्हणते. तवा तिकडं थंडी राहील. तुमी स्वेटर कोणतं नेलं होतं ते कळवा. आणि बोटीत चढताना डोळे मिटायचे का उघडे ठेवायचे तेही सांगा.

आज सकाळी पोलीस चौकशीले आला होता, तिरोड्याच्या ठाण्यातून. जवान पोरगा, चिखलात बूट भरले म्हणून आधीच वैतागलेला. मी त्याले बाजेवर बसवलं, चहा दिला. त्यानं कागद काढला. नाव विचारलं, वय विचारलं, गुन्हा आहे का विचारलं. मग म्हणे, परदेशात कोणाकडं जाता? मुलाकडं का?

मी म्हणलं, नाही, पोरीकडं.

तो म्हणे, म्हणजे जवायाच्या घरी. आणि तसं लिहाले लागला. मी त्याच्या पेनावर हात ठेवला. म्हणलं, जवायाचं घर या काठाले आहे, पोरीचं त्या काठाले. मी पोरीच्या घरी जाऊन राहिली. तसं लिही.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, खोडलं, आणि तसं लिहिलं.

नंदा